तीन जिल्ह्यांच्या पोलीस दलांत नवे तंत्रज्ञान कसे रुजवावे : खानदेशातील समन्वय अधिकाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार ही तिन्ही पोलीस दले नाशिक परिक्षेत्रात येतात. परंतु प्रत्येकाचा अधीक्षक वेगळा, सायबर पोलीस ठाणे वेगळे, जिल्हा नियोजन समितीकडून मिळणारा निधी वेगळा, आणि त्यामुळे खरेदीही वेगळी. चोरट्याला ही वाटणी मान्य नसते. भुसावळातून उचललेली मोटारसायकल चोपड्यामार्गे सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात उतरते, आणि नवापूरचा नाका ओलांडला की ट्रक काही मिनिटांत गुजरातेत असतो. अशा वेळी एका जिल्ह्याने घेतलेला कॅमेरा दुसऱ्या जिल्ह्याच्या संगणकाशी बोलत नसेल, तर दोन्हीकडचा पैसा निम्म्या कामाचा ठरतो. तिन्ही दलांत विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे नवे प्रयोग जुळवून आणण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आली आहे, त्यांच्यासाठी पुढील कार्यपद्धती लिहिली आहे. यंत्र विकत घेणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. या कामाचे खरे साधन म्हणजे एक जाड नोंदवही आहे, असे माझे मत आहे, आणि पुढचे सारे विवेचन त्या वहीभोवतीच फिरते.

प्रश्नवही

नेमणूक झाल्यावर पहिले दोन-तीन महिने काहीही खरेदी करू नये आणि कोणत्याही कंपनीचे सादरीकरण पाहू नये. त्या काळात ठाणी हिंडावीत. मासिक गुन्हे आढावा बैठकीत अडचणी विचारल्या, तर "साहेब, सगळे व्यवस्थित आहे" एवढेच उत्तर मिळते. तोच माणूस मुद्देमाल खोलीच्या दारात चहा घेताना तासभर बोलतो. म्हणून मुद्देमाल कारकून, ठाणे अंमलदार, सीसीटीएनएसचे (ठाण्यांना जोडणाऱ्या गुन्हे-नोंदींच्या संगणक जाळ्याचे) काम पाहणारा अंमलदार, बीट अंमलदार आणि गावचा पोलीस पाटील या पाच जणांशी, त्यांच्याच जागी जाऊन, वरिष्ठांच्या अनुपस्थितीत बोलावे.

जे कळेल ते प्रश्नवहीत उतरवावे. "ठाण्याला एआय हवे" ही नोंद नव्हे, ती मागणी झाली. "न्यायालयाने मुद्देमाल मागितला की तो शोधण्यात दोन माणसांचा अर्धा दिवस जातो, कारण पिशवीवरची चिठ्ठी उंदीर खातात किंवा ओलीने शाई जाते" ही नोंद होय, कारण तीत काय घडते, किती वेळा घडते, कोणाचा किती वेळ जातो आणि मूळ कारण काय, हे सारे आले. प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना ठेवावा : हा प्रश्न यंत्राविना सुटेल काय? अनेक नोंदींपुढे "होय" लिहावे लागते. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल वेळेत येत नाही अशी तक्रार सर्वत्र असते. पण मागे जाऊन पाहिले, तर कधी पत्र अपुरे असते, कधी लाखेच्या मोहोरेचा नमुना जुळत नाही, आणि नमुना आक्षेपासह परत येतो. यावर तपासणी-यादीचा एक छापील कागद पुरतो, सॉफ्टवेअरची गरज नाही.

तिन्ही जिल्ह्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की कामाची वाटणी आपोआप दिसते. केळीच्या पट्ट्यातील, म्हणजे रावेर-यावलमधील विद्युत मोटारींच्या व केबलच्या चोऱ्या हा प्रश्न प्रामुख्याने जळगावचा आहे, तर रेंज नसलेल्या पाड्यांचा प्रश्न नंदुरबारमधील अक्राणी आणि अक्कलकुव्याचा. जो प्रश्न तिन्ही वह्यांत आढळेल, त्यावरच परिक्षेत्राच्या पातळीवर एकत्रित प्रयोग करावा. बाकीचे ज्या त्या अधीक्षकांकडे सोपवावेत आणि त्यात लुडबूड करू नये.

आधीपासून काय आहे

नवे शोधण्यापूर्वी हाताशी असलेले पूर्ण वापरले जाते का, हे पाहावे. सीसीटीएनएस आहे, बोटांचे व तळहाताचे ठसे, चेहरा आणि डोळ्यांची बुबुळे यांची राज्यभराची अँबिस प्रणाली आहे, हरवलेल्या मोबाईलसाठी सीईआयआर आहे, आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आपत्कालीन मदतीसाठी ११२ आहे, पुरावा चित्रित करण्यासाठी ई-साक्ष्य आहे, आणि पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घडवण्याकरिता राज्य शासनाने २०२४ मध्ये नागपुरात मार्व्हल ही संस्था स्थापन केली आहे. धुळ्याला लघु न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, नाशिकला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. प्रश्नवहीतील एखादी नोंद यांपैकी एखाद्या सोयीने सुटत असूनही ती वापरली जात नसेल, तर "का वापरली जात नाही" हाच नवा प्रश्न म्हणून लिहावा. बहुतेक वेळा उत्तर असे येते की ती चालवणारा एकच अंमलदार आहे आणि तो बंदोबस्तावर गेला आहे.

प्रयोग अवघड ठाण्यात करावा

नवे साधन मुख्यालयात चालते, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेथे वीज असते, नेट असते, आणि पाहायला साहेब असतात. प्रयोगासाठी नेमलेल्या ठाण्यांपैकी निदान एक ठाणे मोलगी किंवा धडगावसारखे दुर्गम असावे. तेथे टिकले तर ते धुळे शहरात नक्की टिकेल, उलटे होईलच असे नाही.

उदाहरणादाखल गांजाच्या शेतीचा शोध ड्रोनने घेण्याचा प्रयोग पाहू. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, पुष्कळदा वनजमिनीवर, तूर, कापूस किंवा मक्याच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी वेळोवेळी उपटली आहेत. खबऱ्याच्या माहितीवर वीसएक माणसे पहाटे निघतात, डोंगर चढतात आणि कधी रिकाम्या हातांनी परततात. येथे ड्रोन उपयोगी पडेल असे कोणालाही वाटते, आणि म्हणूनच हा प्रयोग काळजीपूर्वक मांडायला हवा.

प्रथम प्रश्न एका वाक्यात लिहावा : ड्रोनच्या चित्रावरून ठरवलेल्या छाप्यांत रिकामे छापे कमी होतात काय? त्यानंतर अटी तपासाव्यात. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि २५ किलोपर्यंतचा लहान गणला जातो, आणि हिरव्या (पूर्वपरवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतो; उडवणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि ड्रोनची नोंदणी यांविषयी लागू असलेली तरतूद लेखी काढून धारिकेला लावावी. लहान ड्रोनची बॅटरी साधारण अर्धा तास चालते. दरीत उतरून परत येण्याचा वेळ वजा केला, तर प्रत्यक्ष पाहणीला त्याहून बराच कमी वेळ उरतो. ४०० फुटांवरून गांजाचे बोटांसारखे पान दिसत नाही, दिसतो तो पिकाच्या रंगातील आणि ओळींतील फरक. आणि तो फरक पाण्याच्या ओलीनेही पडतो.

आता मुख्य भाग. तेवढाच पट्टा पायी तपासणाऱ्या पथकाला ड्रोनचा निष्कर्ष सांगू नये. पुढे चार आकडे लिहावेत : ड्रोनने दाखवले आणि गांजा निघाला, दाखवले पण निघाला नाही, दाखवले नाही पण पथकाला सापडला, दोघांनाही काही आढळले नाही. तिसरा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात कधीच नसतो, आणि पोलिसांना नेमका तोच हवा असतो. प्रयोग सुरू होण्याआधीच, अधीक्षकांच्या सहीने, थांबण्याची अट लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, दाखवलेल्या दहा जागांपैकी सहापेक्षा कमी जागी गांजा निघाला तर हंगामाअखेर प्रयोग बंद करावा. आकडा कोणता धरावा यावर मतभेद होतील आणि ते व्हावेतही, पण तो निकाल पाहून ठरवू नये.

पाड्यावरून ड्रोन फिरला की माणसे बिथरतात, आणि ते स्वाभाविक आहे. उघड्यावर आंघोळ करणारी बाई आणि शेतात काम करणारी पोर त्या कॅमेऱ्यात येतातच. म्हणून ग्रामसभेत धोरण सांगावे, तारीख सांगू नये : कोणत्या हंगामात, कशासाठी, किती उंचीवरून चित्रण होईल आणि कामाची नसलेली चित्रे किती दिवसांत पुसली जातील, एवढे पोलीस पाटलांच्या व सरपंचांच्या समक्ष स्पष्ट करावे. यामुळे गुपित फुटते असा आक्षेप घेतला जातो. गांजा लावणाऱ्याला पोलीस आपल्या मागावर आहेत हे तसेही ठाऊक असते. कळले नाही तर संशय वाढतो तो उरलेल्या गावाचा.

याच प्रयोगात एक वजनकाटाही असावा, कारण पुष्कळ मेहनत तेथे वाया जाते. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. १ किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण आणि २० किलोपेक्षा जास्त ते व्यापारी प्रमाण धरले जाते. मुळासकट, मातीसह, ओली झाडे एकत्र तोलली की वजन फुगते आणि बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. ड्रोन कितीही चांगला असला तरी हा खटला काट्यापाशीच पडतो. तंत्रज्ञानाचा प्रयोग म्हणजे शोधापासून निकालापर्यंतची सबंध साखळी, हे ध्यानात ठेवून प्रयोगाच्या आखणीत वजन, नमुना आणि मोहोर यांची पद्धतही लिहावी.

न्यायालयात टिकेल काय

सरकारी अभियोक्त्यांना शेवटी बोलावण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यांना प्रयोगाच्या पहिल्या बैठकीला बोलवावे. १ जुलै २०२४ पासून नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले आणि तंत्रज्ञान ही तपासातील ऐच्छिक बाब राहिली नाही. (योगायोग असा की धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार वेगळा झाला तोही दिवस १ जुलै, साल १९९८, आज सर्वांत अवघड भार त्याच सर्वांत तरुण जिल्ह्यावर आहे.) भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण करून ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. कलम १७६(३) प्रमाणे ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे, आणि ही तरतूद अंमलात आणण्यासाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंतची मुदत आहे. अक्राणीच्या पाड्यावर तज्ज्ञ किती तासांत पोहोचेल, तोपर्यंत घटनास्थळ कोण राखेल आणि पाऊस आला तर काय झाकावे, याचा सराव मुदत संपायची वाट न पाहता करून घ्यावा.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली दोन भागांचे प्रमाणपत्र लागते : भाग अ साधन ज्याच्या ताब्यात होते त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. त्यात हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजावा. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. प्रयोगाच्या आधी उत्तर द्यावयाचा प्रश्न साधा आहे : नंदुरबारच्या प्रकरणात भाग ब वर सही कोण करणार? नाव लिहिता आले नाही, तर ते साधन पुराव्यासाठी वापरू नये. गस्तीसाठी खुशाल वापरावे. रेंज नसलेल्या ठिकाणी चित्रण केव्हा झाले आणि ते केव्हा अपलोड झाले यांतील अंतराचे कारण त्याच दिवशी स्टेशन डायरीत लिहिण्याची सवय लावावी, कारण उलटतपासणीत प्रश्न येतो तो या अंतराबद्दलच.

ठाण्यातील कॅमेऱ्यांनाही हेच लागू आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे आणि १८ महिने साठवण, ते शक्य नसल्यास किमान १ वर्ष, असा आदेश दिला. वीज नसेल तेथे सौर किंवा पवन ऊर्जेचा पर्याय त्याच आदेशात आहे. डोंगरातील ठाण्यांच्या प्रस्तावाला प्रशासकीय मान्यता मागताना आदेशातील या परिच्छेदाचा उल्लेख जरूर करावा, त्याने धारिका हलते.

बोली

बोललेले ऐकून लिहून काढणाऱ्या साधनांची सध्या मोठी चलती आहे आणि फिर्याद नोंदवण्याचा वेळ त्यांनी वाचेल, असे सांगितले जाते. ज्याची भाषा पुस्तकी मराठी आहे त्याचा वेळ वाचेलही. खानदेशात मात्र फिर्यादी अहिराणीत बोलतो, लेवा गणबोलीत बोलतो, गुजरीत, भिलीत, पावरीत, मावचीत बोलतो. "मनी मोटरसायकल चोरी लई गया" या वाक्यातील "मनी" म्हणजे "माझी" हे यंत्राला शिकवले नसेल, तर ते "मनात" असे समजून पुढचे सारे वाक्य चुकवते. आणि पावरीत तर चुकायलाही काही उरत नाही.

म्हणून असे साधन घेण्यापूर्वी प्रत्येक बोलीतील निदान तीस ध्वनिमुद्रणांवर ते तपासावे. खऱ्या फिर्यादी बाहेरच्या सर्व्हरवर चढवू नयेत. स्वेच्छेने आलेल्या लोकांनी, त्यांच्या लेखी संमतीने, काल्पनिक फिर्यादी बोलाव्यात. त्यांत म्हाताऱ्या बायका असाव्यात, दारू प्यालेल्याचे अडखळते बोलणे असावे, मागे बाजाराचा किंवा पावसाचा आवाज असावा. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील त्या त्या बोलीच्या विद्यार्थ्यांनी यंत्राचा मजकूर शब्दागणिक तपासावा. नाव, जागा, वेळ आणि आकडा यांतील चुका वेगळ्या मोजाव्यात, कारण एका क्रियापदाची चूक आणि आरोपीच्या नावाची चूक सारखी नाही. फिर्याद वाचून दाखवण्याची कायद्यातील तरतूद यंत्राने रद्द होत नाही, आणि वाचून दाखवायचे ते फिर्यादीला कळणाऱ्या बोलीत. हे काम त्या बोलीचा अंमलदारच करू शकतो. अशा अंमलदारांची ठाणेवार यादी करणे हा कदाचित या सगळ्या प्रयोगातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग ठरेल.

चेहरा ओळखणे

सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा भुसावळ स्थानकावर चेहरा ओळखणारे कॅमेरे लावण्याचा प्रस्ताव आज ना उद्या येईल. वेल्समध्ये असाच वापर न्यायालयात गेला होता, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयाने साउथ वेल्स पोलिसांना दोष दिला; कॅमेऱ्याने शोधायच्या व्यक्तींच्या यादीत कोणाला घालायचे याला स्पष्ट मर्यादा नव्हती, आणि सॉफ्टवेअर विशिष्ट वर्ण किंवा लिंगाच्या व्यक्तींबाबत अधिक चुकते काय, याची खातरजमा पोलिसांनी स्वतः केलेली नव्हती. आपल्याकडे तीच खातरजमा आदिवासी चेहऱ्यांबाबत आणि उन्हाने रापलेल्या, फेटा-रुमाल बांधलेल्या चेहऱ्यांबाबत करावी लागेल. ती होईपर्यंत जुळणी हा केवळ सुगावा मानावा. तेवढ्यावर कोणालाही अटक करू नये.

खरेदी, उन्हाळा आणि चार्जर

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उभ्या जीपमध्ये त्याहून अधिक. अनेक उपकरणांच्या माहितीपत्रकात वापराचे कमाल तापमान ३५ ते ४० अंशच लिहिलेले असते. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर निविदा काढताना तापमानाची अट घालावी आणि नमुना दुपारी दोन वाजता जीपमध्ये ठेवून तपासावा; कार्यालयातील पंख्याखाली केलेली चाचणी येथे कामाची नाही. वार्षिक देखभाल करारात दुरुस्तीची मुदत ठाणेवार लिहून घ्यावी, नाहीतर अभियंता नाशिकपर्यंत येतो आणि उपकरण धडगावहून एसटीने पाठवावे लागते. करार संपल्यावर सर्व माहिती खुल्या स्वरूपात विनामूल्य परत मिळेल, अशी अट असल्याशिवाय सही करू नये. मी एका ठाण्याच्या कपाटात अंगावरचे कॅमेरे नव्या खोक्यांत पडलेले पाहिले आहेत. कारण विचारले तर चार्जरची पिन वेगळी होती आणि दोन वर्षांत तो कोणी मागवला नव्हता. त्या कागदोपत्री यशस्वी योजनेची आठवण मला प्रत्येक निविदा वाचताना होते.

बदल्या

महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार उपअधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांचा एका जागी सर्वसाधारण कार्यकाळ २ वर्षांचा असतो, आणि प्रयोग सुरू करणारा अधिकारी बहुधा निकाल पाहायला उरत नाही. म्हणून कोणताही प्रयोग सहा महिन्यांहून लांबवू नये आणि तो शक्यतो सार्वत्रिक बदल्यांच्या आधी संपवावा. प्रत्येक ठाण्यात साधन चालवणारे दोघे असावेत, एक हवालदार आणि एक तरुण शिपाई. ज्याला संगणक येतो त्याच्यावर साऱ्या ठाण्याचा संगणक लादायचा आणि मग त्याला तपासाचे काम कधीच द्यायचे नाही, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्यामुळे हुशार मुले संगणक येत असूनही येत नाही असे सांगतात. त्यांच्या प्रशिक्षणाची नोंद सेवापुस्तकात घ्यावी आणि तपासाची संधी लेखी राखून ठेवावी.

तिन्ही जिल्ह्यांनी भेटावे

इंग्लंड आणि वेल्समधील ४३ प्रादेशिक दलांसाठी २०२१ पासून एक मुख्य विज्ञान सल्लागार आहे. आपल्या तीन दलांना तेवढा थाट नको, पण पोलिसांच्या उतरंडीबाहेरचा, विद्यापीठातील किंवा प्रयोगशाळेतील एक जाणकार बैठकीत असावा, कारण अधीक्षकांनी मांडलेल्या आकड्यांवर शंका घेणे अंमलदाराला शक्य नसते. बैठक दर तीन महिन्यांनी, जळगाव, धुळे, नंदुरबार अशी फिरती घ्यावी. विषयपत्रिकेत फसलेले प्रयोग आधी ठेवावेत. लोहमार्ग पोलीस आणि वन विभाग यांना नेहमी, तर बऱ्हाणपूर, बडवानी आणि तापी या शेजारच्या जिल्ह्यांतील समकक्ष अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा बोलवावे. गाडीच्या क्रमांकाची नोंद कोणत्या रूपात ठेवायची एवढे एकमत झाले तरी नाक्यांवरची कितीतरी दूरध्वनी-धावपळ वाचते.

प्रयोग संपला की प्रश्नवहीतील मूळ नोंदीखालीच निकाल लिहावा : काय केले, चार आकडे काय आले, किती मनुष्य-तास व किती रुपये लागले, थांबण्याची अट लागू झाली काय, उपकरण आता कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा चार्जर कोठे आहे. त्याखाली तिन्ही जिल्ह्यांच्या समन्वय अधिकाऱ्यांनी सह्या कराव्यात, त्या पानाची प्रत पुढील जिल्ह्याच्या वहीत चिकटवावी, आणि नवा अधिकारी कार्यभार घेण्यास आला की त्याच्याकडून किल्ल्यांच्या आधी वहीची पोच घ्यावी.